पाचवी सोनोग्राफी

माझ्या कपाटातील एका जाड फाइलमध्ये ओटीपोटाच्या सोनोग्राफीचे पाच अहवाल आहेत. पहिला २००६ सालचा, सांगलीतला; पाचवा २०२२ सालचा, पुण्यातला. पहिल्या तिन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा आहे: गर्भाशयाचा आकार योग्य, दोन्ही अंडाशय व्यवस्थित, ओटीपोटात पाणी नाही, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘नॉर्मल स्टडी’. चौथ्यात डाव्या अंडाशयात एक लहानशी गाठ असल्याची नोंद आहे. पाचवा अहवाल तीन पानांचा आहे, आणि तो प्रथम वाचला तेव्हा हे सारे एकाच शरीराविषयी लिहिले आहे यावर माझा विश्वास बसेना. सोळा वर्षांत आजार वाढला असणार, हे मला मान्य आहे. परंतु दुखण्याची जागा पहिल्यापासून तीच होती, आणि सोनोग्राफी करताना ‘नेमके कोठे दुखते?’ हा प्रश्न पाचव्या खेपेपर्यंत मला कोणी विचारला नव्हता.

माझा आजार एंडोमेट्रिऑसिस. यात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात: अंडाशयांवर, गर्भाशयाला मागून तोलून धरणाऱ्या बंधांवर, मूत्राशयावर, क्वचित आतड्याच्या भिंतीत. पाळीच्या संप्रेरकांना या पेशीही प्रतिसाद देतात. त्यामुळे तेथे सूज येते, रक्त साचते, वण तयार होतात आणि हळूहळू एक अवयव दुसऱ्याला चिकटत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना, म्हणजे जगभरात साधारण १९ कोटी जणींना, हा आजार आहे. इतका सर्रास आढळणारा आजार ओळखायला वर्षानुवर्षे का लागावीत, याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सोनोग्राफीच्या खोलीत जे घडते, किंवा घडत नाही, तेवढ्याविषयीच मी येथे लिहिणार आहे, कारण ते मी स्वतः अनुभवले आहे.

२००६ साली मी एकोणीस वर्षांची होते. पाळीचे पहिले दोन दिवस मी अंथरुणातून उठू शकत नसे. आई शेक देई, ओव्याचे पाणी करून देई, मेफ्टाल स्पासची गोळी संपत आली की आणून ठेवी. आजीचे म्हणणे असे, की लग्न झाले की हे सगळे थांबते. एकदा कॉलेजात चक्कर येऊन पडले तेव्हा मात्र आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. तिच्यावर माझे नाव, वय आणि ‘पोटात दुखणे’ एवढेच लिहिले होते.

सोनोग्राफी केंद्रात गेल्यावर लिटरभर पाणी प्यायला सांगितले. लघवीची भावना असह्य होईपर्यंत थांबायचे, दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन ‘प्रेशर आलं का?’ असे सर्वांदेखत विचारायचे, आणि आपण मान खाली घालून ‘अजून नाही’ म्हणायचे, हा अनुभव आपल्याकडील असंख्य मुलींनी घेतला असेल. समोरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान हा दंडनीय गुन्हा असल्याचा फलक होता. महाराष्ट्राने या विषयावर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला; तो फलक तेथे असलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु आपल्या समाजात सोनोग्राफीची खोली गर्भारपणाशी किती घट्ट जोडली गेली आहे, हे त्या फलकाखाली आईशेजारी बसलेल्या अविवाहित मुलीलाच कळते. आमच्या गल्लीतील एक काकू तेथे भेटल्या. त्यांनी काहीच विचारले नाही, पण घरी परतताना आई सारा रस्ता गप्प होती.

आत गेल्यावर तपासणी सहा-सात मिनिटांत आटोपली. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे आणि मग ओटीपोट. डॉक्टरांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. खाली डाव्या बाजूला त्यांनी प्रोब, म्हणजे यंत्राचा शरीराला टेकवायचा भाग, दाबला तेव्हा मी कळवळले, त्यावर ते म्हणाले, “हलू नका, चित्र नीट येत नाही.” ते रागाने बोलले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते: माझे कळवळणे हा चित्रात येणारा अडथळा होता. अहवालात तो अडथळा कोठेही नोंदवलेला नाही.

दुसरी सोनोग्राफी २०१० साली, नोकरीसाठी पुण्यात आल्यानंतर झाली. या वेळी ‘लग्न झालं आहे का?’ हा प्रश्न खिडकीवरच विचारला गेला आणि ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा पाण्याची बाटली हाती आली. या प्रश्नामागचा हिशेब मला पुढे समजला. विवाहित असाल तर योनीमार्गातून, म्हणजे आपण ज्याला ‘आतून’ किंवा ‘खालून’ म्हणतो ती सोनोग्राफी; अविवाहित असाल तर पोटावरून. त्यात संकोचाची काळजी घेतली जाते हे मी नाकारत नाही, आणि जिला ती तपासणी नको असेल तिच्यावर ती लादणे चूकच आहे. परंतु वैवाहिक स्थिती विचारणे आणि संमती विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवीस वर्षांच्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीला दोन्ही तपासण्यांतील फरक सांगून ‘तुम्हाला कोणती चालेल?’ असे विचारता आले असते. मला असा काही फरक असतो, हेच ठाऊक नव्हते.

फरक मोठा आहे. ध्वनिलहरींची वारंवारता जितकी जास्त, तितके चित्र बारीक. परंतु तितक्याच त्या लहरी शरीरात कमी खोल पोचतात. पोटावरून पाहताना त्वचा, चरबी आणि मूत्राशय ओलांडून जायचे असते, म्हणून साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब वापरावा लागतो. आतून पाहताना अवयव अगदी जवळ असतात, त्यामुळे ५ ते ९ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबने काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते. शिवाय आतला प्रोब हलक्या हाताने दाबून अवयव हलतात की नाही, हे पाहता येते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये खरे तर हेच पाहायचे असते.

तिसऱ्या वेळी, २०१४ साली, मी विवाहित होते, त्यामुळे सोनोग्राफी आतून झाली आणि तीही एकदा नव्हे. मूल होत नव्हते, म्हणून एक दिवसाआड अंडे किती वाढले ते मोजले जात होते. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटे, दोन्ही बाजूंची मापे, ‘परवा या’. प्रोब डावीकडे वळला की माझे पाय आपोआप आवळले जात आणि ‘सैल सोडा’ असे सांगितले जाई. त्या महिनाभरात ते यंत्र माझ्या दुखण्याच्या जागेपासून फार तर बोटभर अंतरावर असे. पण त्याला विचारलेला प्रश्न अंड्याविषयीचा होता आणि त्याने अंड्याविषयीचेच उत्तर दिले. शरीरसंबंधाच्या वेळी होणारे दुखणे मी तेव्हा कोणालाच सांगितलेले नव्हते. विचारले असते तर सांगितले असते की नाही, हे आज सांगता येत नाही. विचारले मात्र कोणी नाही.

चौथ्या अहवालाची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१८ साली डाव्या अंडाशयात २.८ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि अहवालात ‘हेमरेजिक सिस्ट’, म्हणजे रक्त साचलेली गाठ, असे लिहिले गेले. अशी साधी गाठ पाळीच्या एक-दोन चक्रांत आपोआप विरून जाते. एंडोमेट्रिऑसिसची गाठ, जिच्यातील जुन्या, दाट, तपकिरी रक्तामुळे तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, ती विरत नाही. सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसू शकतात. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहायचे असते, आणि तेव्हा ती तेथेच असेल तर निदान बदलायचे असते. ‘जाईल आपोआप’ हे मला सांगितले गेले. ‘पुन्हा पाहून खात्री करा’ हे सांगितले गेले नाही. मी चार वर्षे ती गाठ गेलेली आहे असे समजून वावरले. त्याच काळात पाळीच्या दिवसांत शौचाला बसणे हा एक छळ झाला होता, आणि त्यासाठी मी दोन वर्षे मूळव्याधीचे मलम लावत होते.

शौचाचा हा त्रास २०२२ साली एका नव्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी प्रथम विचारला. पाळीत शौचाच्या वेळी दुखते का, लघवी करताना दुखते का, संबंधाच्या वेळी खोल आत दुखते का, कळ मांडीत उतरते का, असे त्या एकेक विचारत गेल्या आणि मी प्रत्येकाला ‘हो’ म्हणत गेले. नंतर त्यांनी सोनोग्राफीसाठी चिठ्ठी लिहिली. ती अर्धे पान होती. तिच्यात माझी सर्व लक्षणे होती, आणि शेवटी लिहिले होते, की आतडे व गर्भाशय एकमेकांवरून मोकळेपणाने सरकतात की नाही, ते कृपया पाहावे.

पाचव्या सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मला आधी कपड्यांनिशी खुर्चीत बसवले, कागदावर गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय आणि आतडे यांची आकृती काढली आणि पुढच्या पाऊण तासात त्या काय करणार आहेत ते सांगितले. ‘थांबा’ म्हटले की त्या थांबतील, आणि मला बरे वाटत असेल तर प्रोब मी स्वतः आत सरकवू शकते, असेही त्या म्हणाल्या. असा पर्याय असतो, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळले. मूत्राशय पूर्ण रिकामे करू नका, थोडे भरलेले असू द्या, म्हणजे त्याची भिंतही पाहता येईल, अशी त्यांची सूचना होती.

प्रथम त्यांनी गर्भाशय आणि अंडाशय पाहिले. डावीकडची गाठ तेथेच होती आणि आता ३.४ सेंटिमीटरची झाली होती. पडद्यावर ती एकसारखी करडी, दुधी काचेतून पाहिल्यासारखी दिसत होती. चॉकलेट सिस्टची ती ओळखीची खूण आहे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी प्रोबचे टोक एकेका जागी अलगद टेकवायला सुरुवात केली. “इथे दुखतं? दहापैकी किती?” मी ‘दोन’ म्हणाले. पुढची जागा, ‘तीन’. नंतर गर्भाशयाच्या मागे, डावीकडे, जेथे एकोणिसाव्या वर्षी मी कळवळले होते त्या जागेच्या अगदी जवळ, माझ्या तोंडून शब्दच फुटेना. त्यांनी हात थांबवला, वाट पाहिली आणि पुन्हा विचारले. मी ‘आठ’ म्हणाले. त्यांनी संगणकाशी बसलेल्या मुलीला सांगितले, “डावा मागचा बंध, वेदना आठ,” आणि तिने ते टंकले. कळफलकाच्या आवाजाने मला रडू कोसळले. सोळा वर्षे जे चित्रातील अडथळा होते, ते आता तपासणीतील नोंद झाले होते.

त्यानंतर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. उजवे अंडाशय प्रोबच्या हलक्या दाबाने आपल्या जागी डोलत होते. डावे जागचे हलत नव्हते, गर्भाशयाच्या पाठीला चिकटून बसले होते. मग त्यांनी एक हात माझ्या पोटावर ठेवला, आतून प्रोबने गर्भाशयाच्या मुखावर किंचित दाब दिला आणि म्हणाल्या, “आता फक्त हालचाल बघा.” निरोगी शरीरात गर्भाशय आणि त्यामागचे आतडे एकमेकांवरून, ओल्या ताटावरून दुसरे ओले ताट सरकावे तसे, सहज सरकतात. माझ्या पडद्यावर दोन्ही एकत्रच हलत होती, एकाच धाग्याने शिवलेल्या दोन कापडांसारखी. मला वैद्यकातले काही कळत नाही, तरी ते मला दिसले. पुढे आतड्याच्या भिंतीत १८ मिलिमीटरची एक काळसर गाठ सापडली आणि मूळव्याधीच्या मलमाचा उलगडा झाला. शेवटी त्यांनी पोटावरून दोन्ही मूत्रपिंडे पाहिली. मूत्रवाहिनीवर दाब आला तर मूत्रपिंड काहीही न दुखता सुजू शकते, म्हणून ती प्रत्येक वेळी पाहायलाच हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. माझी ठीक होती.

ही पद्धत त्यांची एकट्यांची नव्हती, हे मी नंतर वाचले. ‘आयडिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली एंडोमेट्रिऑसिससाठी सोनोग्राफी कशी करावी याविषयी सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले आहे, आणि त्यात चार टप्पे सांगितले आहेत: गर्भाशय व अंडाशय पाहणे, कोठे दाबल्यावर दुखते आणि अंडाशय हलतात की नाही, हे पाहणे, गर्भाशय व आतडे यांचे सरकणे तपासणे, आणि गर्भाशयाच्या पुढच्या व मागच्या भागांत खोल रुजलेल्या गाठी शोधणे. यांतील दुसरा टप्पा मी कितीतरी वेळा वाचला. रुग्णाला कोठे दुखते, हे तेथे तपासणीचा भाग म्हणून लिहिले आहे. माझ्या पहिल्या चार सोनोग्राफींत पहिलाच टप्पा झाला होता, तोही प्रत्येक वेळी पुरता नव्हे.

त्या चौघा डॉक्टरांना मी सरसकट दोष देत नाही. बाहेर तीस-चाळीस माणसे खोळंबलेली, चिठ्ठीवर दोन शब्द, हाती सात मिनिटे. अशा स्थितीत चाळीस मिनिटांची तपासणी कोणी करू शकत नाही, आणि तिचे वेगळे प्रशिक्षण सर्वांना मिळालेले नसते. माझी तक्रार ‘नॉर्मल’ या शब्दाविषयी आहे, आणि ती मी गंभीरपणे करते. जे पाहिले ते ठीक आहे, आणि जे पाहिलेच नाही तेही ठीक आहे, असा दुहेरी अर्थ त्या एका शब्दात घराघरांत लावला जातो. माझ्या सासरी तो तसाच लावला गेला, आणि नंतर मीही तो लावला. दुखण्याच्या वेळी मला स्वतःचीच शंका येऊ लागली. अहवालात ‘तपासणी पोटावरून केली, अंडाशयांची हालचाल व आतडे तपासलेले नाही’ अशी एक ओळ असती, तर मी दुसऱ्या दाराशी काही वर्षे आधी पोचले असते. ही ओळ लिहायला यंत्र नवे लागत नाही आणि वेळही लागत नाही.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिले आहे, की तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय निर्दोष आली म्हणून एंडोमेट्रिऑसिसची शक्यता वगळू नये. पूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशिवाय या आजाराचे पक्के निदान मानलेच जात नसे. मानवी प्रजनन व भ्रूणविज्ञानाच्या युरोपीय संस्थेने २०२२ साली ती भूमिका बदलली: सोनोग्राफी किंवा एमआरआयवर आजार दिसला तर केवळ निदानासाठी शस्त्रक्रिया करण्याची गरज नाही, चित्रात काही दिसत नसेल, किंवा औषधांनी गुण येत नसेल, तेव्हाच तिचा विचार व्हावा. यामुळे अनेकींची शस्त्रक्रिया टळणार आहे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा, की सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि वेळेवर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त भार आला आहे.

चौथ्या अहवालासोबतच्या फिल्म मी पाचव्या डॉक्टरांना दाखवल्या होत्या. तेव्हाही हे चिकटलेले होते का, हे मला जाणून घ्यायचे होते. त्यांनी फिल्म उजेडात धरल्या आणि सांगितले, की गाठ दिसते, पण सरकणे स्थिर चित्रात कधीच दिसत नाही. दोन ताटे एकमेकांना चिकटली आहेत की नुसती एकावर एक ठेवली आहेत, हे छायाचित्रावरून कसे सांगणार? त्यामुळे जुन्या फिल्म घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाणाऱ्या स्त्रियांना अनेकदा पुन्हा सोनोग्राफी करावी लागते, किंवा निदान चलचित्र जपून ठेवलेले असावे लागते. तेव्हापासून मी प्रत्येक तपासणीची क्लिप पेन ड्राइव्हवर मागून घेते.

त्या दवाखान्याच्या बाकांवर आणि पुढे फोनवर माझ्या काही जणींशी ओळखी झाल्या. लातूरकडच्या एक शिक्षिका अविवाहित आहेत आणि त्यांना योनीमार्गातून तपासणी नको होती. त्यांना गुदमार्गातून सोनोग्राफीचा पर्याय दिला गेला. तो ऐकून आधी त्या घाबरल्या. नंतर मात्र म्हणाल्या, की भीतीच जास्त होती, आणि आतड्याजवळची गाठ त्यातच सापडली. दुसऱ्या एकीची कहाणी मला अजून अस्वस्थ करते. तिला काहीही न सांगता आतून तपासणी केली गेली. खोलीत दुसरी स्त्री नव्हती, आणि ती रडू लागल्यावरही तपासणी थांबली नाही. तिचा अहवाल अचूक निघाला. ती त्यानंतर तीन वर्षे कोणत्याही डॉक्टरांकडे गेली नाही. चित्र चांगले आले म्हणजे तपासणी चांगली झाली, असे मला तेव्हापासून म्हणवत नाही.

आणखी दोघींविषयी सांगितलेच पाहिजे, कारण माझ्या अनुभवावरून कोणी असा समज करून घेऊ नये, की सोनोग्राफी नीट केली की सर्व काही दिसतेच. एका बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीची तपासणी माझ्याच डॉक्टरांनी, तितकाच वेळ देऊन केली. सारे अवयव मोकळे होते, गाठ कोठेच नव्हती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर विखुरलेले बारीक ठिपके सापडले. असे वरवरचे एंडोमेट्रिऑसिस सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही, आणि ते कमी दुखते असेही नाही. तिचे दुखणे माझ्याहून वाईट होते. याच्या उलट, एका बाईंना पाळीत फारसा त्रासच नव्हता. गाठीच्या तपासणीत कोणीतरी आठवणीने मूत्रपिंड पाहिले, तेव्हा डावे मूत्रपिंड सुजलेले निघाले आणि वेळेवर वाचले.

स्त्रियांच्या आजारांत सोनोग्राफीचा आरंभच एका रुग्णाच्या सुटकेपासून झाला, हे मला अलीकडे समजले. ग्लासगोमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी पोटातील गाठींवर हे तंत्र वापरून पाहत होते. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे जिला सांगितले गेले होते, अशा एका स्त्रीच्या पोटावर त्यांनी यंत्र लावले, तर ती अंडाशयाची मोठी पण साधी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या. तेथे तज्ज्ञांनी दिलेला निर्णय पुन्हा तपासून पाहण्यासाठी यंत्र वापरले गेले होते.

माझे उपचार गोळ्यांवर चालू आहेत. डायनोजेस्ट हे संप्रेरकाचे औषध, २ मिलिग्रॅम, रोज एक. शस्त्रक्रियेचा निर्णय तूर्त पुढे ढकलला आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी होते. आता टेबलावर पडल्यावर मी आधीच सांगते, की डावीकडे मागे दुखते, तेथे हळू जा.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले असताना माझी सतरा वर्षांची भाची पाळीच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फरशीवर पोटाशी गुडघे घेऊन पडलेली मी पाहिली. बहिणीने तिच्यासाठी शेक तापत ठेवला होता. मी तिला एक वही आणून दिली आणि रोज तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: कोठे दुखते, दहापैकी किती, आणि त्या दिवशी काय करता आले नाही. दोन महिन्यांनी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही पूर्ण वाचली, चिठ्ठीवर सविस्तर लिहिले. सोनोग्राफी पोटावरूनच झाली. भाचीला तसेच हवे होते आणि तिला तसे विचारले गेले. अहवाल निर्दोष आला. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला, केसपेपरवर ‘एंडोमेट्रिऑसिसची शक्यता’ असे लिहिले आणि संप्रेरकाच्या गोळ्या तीन महिन्यांसाठी सुरू केल्या.

रिक्षात बसल्यावर तिने मला विचारले, “मावशी, रिपोर्ट नॉर्मल आहे, मग गोळ्या कशाला?” मी तिला दोन ताटांची गोष्ट सांगितली, पोटावरून काय दिसते आणि काय दिसत नाही ते सांगितले, आणि बारीक ठिपक्यांविषयीही सांगितले. तिने सारे ऐकून घेतले. परवा तिचा फोन आला होता. या खेपेला पाळीच्या पहिल्या दिवशी तिने बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा दिली. दुखणे चारवर आले आहे, थांबलेले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला जायचे आहे, तेव्हा नॉर्मल आलेला तो अहवाल सोबत न्यायचा का, असे ती विचारत होती. मी म्हणाले, “ने, पण वहीच्या आत ठेवून ने.”